फळांची शिदोरी

(मंडळाच्या भटकंती गटाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, असा आपल्याकडे नेम. आजी तो कडक पाळायची. चार पिढ्या हैदराबादेत राहूनही आमच्या घरी ऋषीची भाजी चुकली नाही. ‘फराळ’ हा शब्दही फलाहारावरूनच आला. पुढे त्यात साबुदाणा कसा शिरला ते आपण सगळे जाणतोच. तेव्हा फळांवर राहणं ही काही परदेशातून आलेली टूम नाही.

आजचा विषय मात्र जरा वेगळा आहे. पाठीवर पिशवी घेऊन डोंगरात दोन-तीन दिवस जायचं, तंबूत राहायचं आणि चूल न पेटवता फक्त फळं खायची, हे जमतं का? आपल्या गटातली तरुण मंडळी हे वारंवार विचारतात. मी स्वतः तसं करून पाहिलं आणि त्यात माझी एक मोठी चूक झाली. ती सांगण्यासाठीच आज उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी कोजागिरीनंतर आम्ही अकरा जण विकाराबादजवळच्या अनंतगिरीला दोन रात्रींसाठी गेलो. आपली मुसी नदी तिथेच उगम पावते. सीताफळांचा हंगाम होता. महबूबनगरकडचं बालानगर तर सीताफळासाठी प्रसिद्ध. तिथल्या वाणाचं नाव महाराष्ट्रातल्या बागायतदारांच्याही तोंडी असतं. मी उत्साहात जाहीर केलं, ‘या खेपेला शेगडी नाही, भांडी नाही, पोळीचा तुकडासुद्धा नाही. निव्वळ फळं!’ माझ्या थोरल्या बहिणीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मी म्हणालो, ‘अक्का, हा डबा गाडीतच राहू दे.’ ती काही बोलली नाही. डबा गाडीत राहिला.

पहिला दिवस छान गेला. अंग हलकं वाटलं, भांडी घासायची नव्हती, धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तास चाललो आणि दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, एका दगडावर बसले. दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. दाजींना मधुमेह आहे. सकाळची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतली होती. पण ‘गोड फळं मला चालत नाहीत’ म्हणून सीताफळ, केळं बाजूला सारून दोन पेरू आणि काकडी एवढ्यावरच ते निघाले होते. गोळी पूर्ण, पोट अर्धं, वर तीन तासांची चाल. साखर एकदम खाली आली. शुद्धीवर होते म्हणून घोट घोट साखरेचं पाणी पाजता आलं. तेही एका चहावाल्यानं दिलं. पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. मग अक्कानं कुणालातरी गाडीकडे पाठवून दशम्या मागवल्या आणि त्यांना भरवल्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस वर्षं बँकेत काढली. हिशोब आधी मांडायचा ही सवय त्याच एका वेळी कशी सुटली कोण जाणे. ओझं घेऊन दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला अडीच ते तीन हजार कॅलरी लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण शंभर. म्हणजे दिवसाला सव्वादोन डझन केळी! सालीसकट वजन साडेचार किलोच्या आसपास. दोन दिवसांचे नऊ किलो, आणि पाणी वेगळं. कलिंगडाचं तर विचारूच नका. शंभर ग्रॅम गरात जेमतेम तीस कॅलरी. सीताफळ पौष्टिक खरं, पण त्याचं निम्मं वजन साल आणि बियांचं.

आता दुसरी बाजू पाहा. अर्धा किलो खजूर आणि पाव किलो शेंगदाणे मिळून वजन पाऊण किलो, आणि कॅलरी जवळजवळ अठ्ठावीसशे. चूल इथेही पेटवायची नाही. शिवाय रसाळ फळांत प्रथिनं आणि स्निग्धांश फार थोडे, ते शेंगदाण्यात मिळतात. घामावाटे मीठ जातं, तेही फळं भरून देत नाहीत. म्हणून लिंबाबरोबर मिठाची पुडी हवीच.

या बाबतीत गांधीजींचं उदाहरण फार बोलकं आहे. जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर 1912 साली त्यांनी आणि हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडून फलाहार सुरू केला. पण त्यात काय होतं? केळी, खजूर, लिंबं यांच्याबरोबर शेंगदाणे आणि ऑलिव्हचं तेल. शेतापासून शहर 21 मैल. तिथली माणसं पहाटे दोनला उठून चालत जात. वाटेसाठी शिदोरी असे ती हातजात्यावरच्या कोंड्यासकट पिठाची भाकर, शेंगदाण्याचं लोणी आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा. शेतावर जवळजवळ हजार फळझाडं असूनही चालणाऱ्याच्या फडक्यात भाकर होती! पुढे 1929 साली आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्रीचे सुंदरम् गोपाळराव भेटल्यावर गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला. अशक्तपणा आला तेव्हा तो थांबवला आणि सगळं ‘यंग इंडिया’त मोकळेपणानं लिहिलं. प्रयोग करावा, पण मानेनासा झाला तर सोडावा आणि तसं सांगावं, हे मला त्यातून उमगलं.

तेव्हा तरुण मित्रांनो, फळं जरूर न्या. एका दिवसाच्या भुवनगिरीच्या किल्ल्याला केळी, पेरू, संत्री, मूठभर खजूर-शेंगदाणे पुरतात. मुक्काम असेल तर पहिल्या दिवशी रसाळ फळं संपवा, पुढे खजूर, अंजीर, मनुका, दाणे. फळं अख्खी न्या, घरून चिरून नेऊ नका. रानात टेंभुर्णी (आपले तेलुगू शेजारी तिला तुनिकी म्हणतात) किंवा चारोळीची फळं दिसली तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका. सीताफळाच्या बिया फोडू नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर इजा करते. साली परत आणा, माकडांना घालू नका. आणि कुणी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं, आणि आपण त्यांना. खिशात साखरेची पुडी ठेवायची. हे विचारायचं काम गट नेणाऱ्याचं आहे. ते मी केलं नाही.

मागच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा अनंतगिरीला गेलो. दाजीही आले, डॉक्टरांना विचारून. पाठीवर पेरू होते, संत्री होती, खजूर होता. निघताना मीच अक्काला विचारलं, ‘दशम्या घेतल्यास ना?’ ती म्हणाली, ‘तुझ्या पिशवीत कधीच्या ठेवल्यात.’

गणपती बाप्पा मोरया!