सेल्फ मारण्याआधी



आषाढ लागलाय, खाचरं तुडुंब भरलीत, रोपं लावणीला आलीत, चार बायामाणसं सांगून ठेवलीत. आणि नेमका चिखलणीच्या सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. मुळशीत हे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या वाडीत घडतं. भाताची मळणी आटोपली की आपल्याकडचे कितीतरी ट्रॅक्टर पडवीत नाहीतर आंब्याखाली उभे राहतात, त्यांची आठवण येते ती थेट चिखलणीला. ताम्हिणीकडच्या वाडीवर पौडहून मिस्त्री येईपर्यंत दुपार उलटते. तेवढ्या वेळात बरंचसं आपल्यालाच शोधता येतं.

चालू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहू नका. एका वेळी दहा-पंधरा सेकंद पुरे, मग निदान मिनिटभर थांबा. नाहीतर बॅटरी बसते, सेल्फ तापतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी हेडलाइट लावा आणि मग सेल्फ मारा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार धरलाय. तारा सोडवा, आधी अर्थिंगची. गरम पाण्याने धुवा, पुसून घट्ट बसवा, वर व्हॅसलीन लावा. बॅटरीजवळ विडी मात्र नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. दिवे लख्ख आणि सेल्फ गप्प असेल, तर क्लच पूर्ण दाबलाय का, गिअर आणि पीटीओ न्यूट्रलला आहेत का, ते बघा. नव्या ट्रॅक्टरांत त्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. उंदराने वायर कुरतडली असेल, तेही बघा.

इथे एक गोष्ट जरा रागानेच सांगतो. जमिनीवर उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पान्हा टेकवायचा, ठिणगी पाडायची, हा प्रकार हुशारीचा समजला जातो. अशाने गिअरमधला ट्रॅक्टरही चालू होतो, आणि तुम्ही उभे असता मागच्या चाकापुढे. माणूस बाजूला होईपर्यंत चाक अंगावर आलेलं असतं. ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा.

आता सेल्फ फिरतोय, पण इंजिन धरत नाही. सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. टाकीचा कॉक उघडा आहे का? बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला नाही ना? हसू नका. कोळवण खोऱ्यात मी स्वतः तासभर नळ्या सोडवत बसलो होतो. शेवटी मालकाच्या नातवाने तो नॉब आत ढकलला.

मग फिल्टर. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि ते तळाशी साचतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते काढा. लाइनमध्ये हवा धरली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्याशिवाय सलग डिझेल. तेव्हा स्क्रू आवळा आणि डिझेल पंपाच्या स्क्रूवर हेच करा. नोझलच्या नळीला मात्र हात नको. तिथली डिझेलची चिळकांडी कातडीत घुसते. एअर क्लीनरची नळीही तपासा, कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला ती फार आवडते.

शेवटचं आपल्या पावसाचं. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसेल तर पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरू शकतं. पाणी दाबलं जात नाही; अशात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. ट्रॅक्टर उघड्यावर भिजला असेल आणि सेल्फ मारताच इंजिन ठक्‌कन अडलं, किंवा गेजपट्टीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पुन्हा प्रयत्न करू नका. तिथे मिस्त्रीच हवा, मग दुपार उलटली तरी चालेल.

आज संध्याकाळी काम उरकलं की टाकी काठोकाठ भरा, आणि सायलेन्सरवर एक रिकामा डबा उपडा घाला. सकाळी सेल्फ मारण्याआधी तो काढायला विसरू नका.