औषध वेळेवर पोहोचणे हाच प्रतिबंध

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा खरा. पण वणीच्या कोळसा खाणींमुळे आणि पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गामुळे तो ट्रकवाहतुकीचाही जिल्हा झाला आहे. एचआयव्हीचा विषय निघाला की ट्रकचालकाकडे बोट दाखवून चर्चा संपवण्याची खोड अशा ठिकाणी लवकर जडते. संशोधनाने या खोडीचा आधार केव्हाच काढून घेतला आहे.

पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या, तरीही त्यांतील १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. (हे प्रमाण दवाखान्यात आलेल्यांचे, साऱ्या समाजाचे नव्हे.) बहुतेकींचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी आला होता. त्यांना नीतीचे पाठ देऊन काय साधणार होते? मणिपुरात १९९० च्या सुमारास हाच रोग अमली पदार्थ टोचून घेणाऱ्या तरुणांत एकमेकांच्या सुयांतून पसरला. पोलिसांच्या धाकाने ते तरुण दवाखान्यापासून अधिकच दूर गेले. उपयोगी पडल्या त्या स्वच्छ सुया आणि पर्यायी औषधे.

औषधांची कहाणी तर मुळातूनच राजकीय आहे. परदेशी कंपन्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक मागत होत्या, त्या वेळी, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे ३५० डॉलरांत देऊ केली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर मक्तेदारी दिली होती, म्हणूनच हे शक्य झाले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू झाले. पुढे २०११ मध्ये, पुणे व चेन्नईसह नऊ देशांत चाललेल्या अभ्यासातून दिसले की, लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. म्हणजे रोग्याला दिलेली गोळी शेजाऱ्याचेही रक्षण करते.

मात्र ही गोळी जन्मभर, रोज घ्यावी लागते. ऐन वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून आलेल्या बाईला ‘साठा संपला, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणे म्हणजे तो रक्षणाचा धागाच तोडणे होय. २०२२ मध्ये अशाच तुटवड्याविरुद्ध रुग्णांना दिल्लीत महिनाभराहून अधिक काळ धरणे धरावे लागले. रुग्णाला धीर देऊन औषधावर टिकवून ठेवणारे समुपदेशक तर वर्षानुवर्षे कंत्राटावरच राबत आले आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन विचारावे: समुपदेशकाच्या किती जागा रिकाम्या आहेत, साठा किती दिवसांचा आहे, एका खेपेस किती महिन्यांच्या गोळ्या मिळतात? रुग्णांची नावे मात्र कोणीही विचारू नयेत. २०१८ पासून लागू असलेला कायदा त्या नावांना संरक्षण देतो, आणि गावात नाव फुटले तर ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही.