घरच्या घरी मोटारीचे चार्जिंग : निवड आणि जोडणी



पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीचे इंधन पंपावर मिळते. विजेवर चालणारी मोटार मात्र बहुधा रात्री, घरातील मंडळी झोपलेली असताना, दारापाशीच आपले इंधन घेते. ही सोय मोठी आहे. पण तिच्याबरोबर एक जबाबदारीही घरात येते. पाणी तापविण्याचा गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि थांबतो. मोटारीचा चार्जर तितकाच किंवा त्याहून अधिक भार सलग कित्येक तास घेतो. घरातील जुनी तार, सैल झालेला स्क्रू, नावापुरते केलेले अर्थिंग हे दोष एरवी झाकून जातात. या दीर्घ भारापुढे ते उघडे पडतात. म्हणून चार्जर कोणता घ्यावा आणि तो कसा बसवावा, याचा विचार मोटार दारात येण्यापूर्वीच व्हावयास हवा.

गरज आधी ठरवावी

घरगुती चार्जरचे साधारणतः तीन प्रकार आहेत. १५ किंवा १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेतो. भिंतीवर बसवावयाचा ३२ अँपिअरचा चार्जर सिंगल फेजवर ७.४ किलोवॅटपर्यंत जातो. तिसरा प्रकार थ्री फेजवर चालणारा, ११ किलोवॅट वा अधिक क्षमतेचा.

जो मोठा तोच चांगला, हा समज येथे उपयोगी पडत नाही. घरातील वीज प्रत्यावर्ती असते आणि बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या आतच बसविलेले असते; त्याच्या क्षमतेपलीकडे भिंतीवरची पेटी काहीही देऊ शकत नाही. ११ किलोवॅटची पेटी सामान्यतः तिन्ही फेजांतून प्रत्येकी १६ अँपिअर देते. मोटार एकाच फेजवर वीज घेणारी असेल, तर तिला या महागड्या पेटीतून जेमतेम ३.७ किलोवॅट मिळतील.

समजा, तालुक्याच्या गावी राहणारे एक शिक्षक रोज जाऊन-येऊन ५० किलोमीटर प्रवास करतात. एका युनिटला सहा किलोमीटर असा हिशेब धरला, तर त्यांना दररोज आठ-नऊ युनिटे लागतील. ३.३ किलोवॅटचा चार्जर तेवढी वीज तीन तासांच्या आत देतो. त्यांच्यासाठी मोठा चार्जर हा निव्वळ जादा खर्च ठरेल. ज्यांचा रोजचा प्रवास दीडशे-दोनशे किलोमीटरांचा आहे, त्यांनीच ७.४ किलोवॅटचा विचार करावा.

मंजूर भार आणि रोहित्र

वीज बिलावर मंजूर भाराचा आकडा छापलेला असतो. घरातील पंप, गिझर, वातानुकूलन यंत्र यांच्या भारात चार्जरचा भार मिळवून बेरीज करावी. ती मंजूर भारापेक्षा अधिक भरत असेल, तर भारवाढीचा अर्ज आधी द्यावा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या विद्यमान जोडणीवरून स्वतःची मोटार चार्ज करण्यास मुभा दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने ग्राहकाला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचाही अधिकार दिला. त्याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी कमी केली. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ती ३० दिवस आहे. शेतीपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करणे मात्र विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते.

मंजूर भाराचा हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. गावातील रोहित्र ६३ के.व्ही.ए.चे असेल आणि त्यावर ७ किलोवॅटचे आठ-नऊ चार्जर एकाच वेळी चालले, तर त्याची क्षमता त्यांतच संपते. भार न कळविता बसविलेल्या चार्जरची झळ अशा रीतीने शेजाऱ्यांच्या दिव्यांना आणि नळयोजनेच्या पंपाला बसू शकते. मोटारींची संख्या वाढू लागताच ग्रामपंचायतीने वीज कंपनीला तसे कळवावे आणि सर्वांनी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेऐवजी रात्री दहानंतर चार्जिंग करावे, असा प्रघात पाडावा.

जोडणीतील दक्षता

चार्जरसाठी मीटरजवळच्या फलकापासून स्वतंत्र तार आणावी; त्या तारेवर दुसरे उपकरण असू नये. ३२ अँपिअरसाठी सर्वसाधारणपणे ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. अंतर फार असल्यास ती अधिक जाड लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत चार्जिंगसाठी ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेले, किमान 'ए' प्रकारचे गळतीरोधक आर.सी.सी.बी. सांगितले आहे. चार्जरमधून उद्भवणारी विशिष्ट प्रकारची गळती जुन्या साध्या उपकरणाला ओळखता येईलच असे नाही, हे त्याचे कारण. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि जोडवायरीचा वापर करू नये, असेही हे विनियम सांगतात. कोकणासारख्या पर्जन्यबहुल भागात पेटी पागोळ्यांखाली न बसविता आडोशाला बसवावी.

सर्वांत महत्त्वाचे ते अर्थिंग. अर्थिंग नसल्यास अनेक चार्जर सुरूच होत नाहीत. अशा वेळी न्यूट्रल आणि अर्थ या तारा एकत्र जोडून चार्जर चालू करून देणारे कारागीर कोठे कोठे आढळतात. हा उपाय जीवघेणा आहे. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर मोटारीचा संपूर्ण पत्रा विजेने भारला जातो आणि दार उघडणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतते. चार्जर सुरू होण्यास नकार देतो तेव्हा तो आपले काम चोख बजावीत असतो. दुरुस्ती अर्थिंगची करावयाची, चार्जरची नव्हे. म्हणून हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, अर्थिंगची मोजणी समक्ष पाहावी आणि चाचणी अहवाल जपून ठेवावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांनी प्रत्येक सभासदाची तार वेगवेगळ्या वाटेने नेऊ देण्याऐवजी वाहनतळासाठी एकच आराखडा करावा. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविली. जुन्या इमारतींनाही ते प्रमाण आराखड्यासाठी आधार म्हणून घेता येईल.

शाळेतील विज्ञानाच्या तासाला अर्थिंग आणि गळतीरोधक यांचा पाठ घरच्या फलकाच्या उदाहरणावरून शिकविता येईल. ग्रामसभेत परवानाधारक ठेकेदारांची यादी वाचून दाखविता येईल. विजेची मोटार गावोगाव पोचणारच आहे. ती येईल तेव्हा प्रत्येक घराची तार आणि प्रत्येक घराचे अर्थिंग तिच्या स्वागतास सिद्ध असावे.