अकरावी-बारावीची पायरी

माननीय प्राचार्य मॅडम, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकवर्ग, पालक, आणि मागच्या रांगेतून मघापासून माझ्या जाकिटाविषयी मतं मांडणारी बारावी सायन्सची मंडळी, सर्वांना नमस्कार.

माझ्यानंतर शेलापागोटे आहेत आणि त्यात एक चिठ्ठी माझ्याही नावाची आहे, अशी खबर मला चहाच्या वेळीच मिळाली. त्यामुळे तुम्हाला माझं भाषण संपण्याची घाई आहे आणि मला ते लांबवण्याची.

मी खेळावर लिहितो. आज मी बोलणार आहे ते मात्र फारसे पहिल्या पानावर न येणाऱ्या खेळाडूंबद्दल. वय सतरा ते तेवीस. शाळेच्या संघातून सुटलेले, मोठ्या संघात अजून न पोचलेले. या सहा वर्षांत काय होतं, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेतही ज्युनिअर कॉलेज असतं. बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी कमी, घराजवळ. मोठ्या विद्यापीठात ज्यांना जागा मिळत नाही किंवा परवडत नाही, ती मुलं तिथे जातात. आणि तिथला बेसबॉल जोरात असतो. व्यावसायिक क्लबांचे निरीक्षक ही मैदानं पालथी घालतात. दरवर्षी क्लब पाळीपाळीने खेळाडू निवडतात, त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. पण निवड झाली म्हणजे मुलगा टीव्हीवर दिसला असं नाही. तो जातो मायनर लीगमध्ये. सगळ्यात खाली रूकी, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. गावोगावची छोटी स्टेडियम, रात्र रात्र बसचा प्रवास. अनेकांची कारकीर्द तिथेच संपते.

पण या वाटेने वर गेलेली माणसं बघा. जॅकी रॉबिन्सन पासाडीना ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकला. १९४६ चा मोसम त्याने माँट्रियलच्या मायनर संघात काढला आणि १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. कृष्णवर्णीयांना साठेक वर्षं बंद असलेलं दार त्या दिवशी उघडलं. आल्बर्ट पुहोल्स डोमिनिकन रिपब्लिकमधून अमेरिकेत आलेला मुलगा. मेपल वूड्स नावाच्या एका साध्या कॉलेजात एक वर्ष खेळला. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी ४०१ जणांची नावं पुकारली गेली. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७०३ होमरन होते.

आणि माइक पियाझा. हा माझा आवडता, कारण त्याची गोष्ट आपल्याला लगेच कळते. मायामीच्या कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी. १९८८ मध्ये डॉजर्सनी त्याला बासष्टाव्या फेरीत घेतलं, तेही का, तर संघाचे व्यवस्थापक टॉमी लसॉर्डा हे त्याच्या वडिलांचे मित्र होते म्हणून. आपल्या भाषेत वशिल्याचं तट्टू! चार वर्षं मायनर लीगमध्ये घासल्यावर १९९२ मध्ये तो वर आला, १९९३ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याने त्याला दारातून आत घेतलं, पण पुढची चार वर्षं वशिला बॅट धरायला येत नव्हता. आता ड्राफ्टच्या फेऱ्या फक्त वीस राहिल्या आहेत. आजचा पियाझा निवडलाच जाणार नाही.

म्हणजे तिथेही सगळं आलबेल नाही. २०२१ मध्ये मोठ्या क्लबांशी जोडलेले मायनर संघ १६० वरून १२० वर आणले. पगार तर वर्षानुवर्षं लाजिरवाणे होते. मग खेळाडूंनी संघटना केली आणि २०२३ च्या करारात सगळ्यात खालच्या पायरीचा किमान वार्षिक पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० डॉलर झाला. ट्रिपल-ए चा १७,५०० वरून ३५,८००.

आपल्या देशातली दोन मुलंही त्या वाटेवर गेली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. कोलकात्याचा फलंदाज रिंकू तो वेगळा, गोंधळू नका. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेक करायचे, बेसबॉल कधी पाहिलेलाही नव्हता. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या टीव्ही स्पर्धेत वेगाने चेंडू फेकून पुढे आले, अमेरिकेत काही महिने शिकले आणि वर्षअखेरीला पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. २००९ मध्ये ते तळाच्या लीगमध्ये खेळले. दिनेश पुढच्या वर्षी सुटला. रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला, मग दुखापतींनी गाठलं आणि शेवटी तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. हॉलिवूडने त्यांच्यावर सिनेमा काढला. पण त्या सिनेमापेक्षा मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्या बरोबरीची पोरं वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून खेळत आली होती. या दोघांच्या खांद्यात ताकद होती, पण मधल्या वर्षांचे सामने नव्हते. ते कुठल्याही सरावशिबिरात भरून निघत नाहीत.

आता नाशिकला येतो.

आपल्याकडचा बेसबॉल म्हणजे क्रिकेट, हे उघड आहे. आणि नाशिकच्या मुलासाठी त्याची वाट अशी: क्लब, मग जिल्हा संघ, मग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रितांच्या स्पर्धा. तिथे निवड समितीच्या नजरेत भरला तर सोळा वर्षांखालील विजय मर्चंट, एकोणीसखालील विनू मंकड आणि कूचबिहार, तेवीसखालील सी. के. नायडू, आणि नशिबाने साथ दिली तर रणजी. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेला महाराष्ट्र. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतची पोरं पंधरा जागांसाठी भांडतात, आणि सूत्रं पुण्यात. नाशिकच्या मुलाच्या निम्म्या आठवणी नाशिक-पुणे एसटीतल्या असतात.

तरी पोरं पोचतात. सत्यजित बच्छाव हा आपला डावखुरा फिरकीपटू महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षं गोलंदाजी करत आला. रामकृष्ण घोषला चेन्नई सुपर किंग्जने नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ३० लाखांना घेतलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सत्तावीस! तुमच्यातले काही जण एकोणिसाव्या वर्षी संघात नाव नाही म्हणून किट विकून टाकतात. केदार जाधवने २०१३-१४ च्या रणजी मोसमात १,२२३ धावा काढल्या, तेव्हा कुठे भारताच्या एकदिवसीय संघाचं बोलावणं आलं, एकोणतिसाव्या वर्षी. दुसरीकडे साहिल पारख. सप्टेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीला ऑस्ट्रेलियाच्या एकोणीसखालील संघाविरुद्ध त्याने ७५ चेंडूंत नाबाद १०९ केल्या. सतरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या वर्गात शोभला असता. आणि सिन्नरची माया सोनवणे. चेंडू सोडताना मान पार खाली जाते, बघणाऱ्याला वाटतं ही पडणार. त्याच शैलीत लेगस्पिन टाकत ती २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये व्हेलॉसिटीकडून खेळली. मुलींसाठी तर मधल्या पायऱ्या अगदी आत्ताआत्ता बांधल्या जाताहेत.

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, ती मला आपल्याकडची मायनर लीग वाटते. पहिल्याच वर्षी सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी, वय अठरा, आपल्या नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा करून गेला. तेरा षटकार. मग गोलंदाजीत चार बळी, आणि सामना एका धावेने खिशात. डिसेंबरमध्ये लखनौने त्याला लिलावात घेतलं. दिवे, कॅमेरे, समालोचन होतं म्हणून तो दिसला. असे डाव आपल्या गोल्फ क्लब मैदानावर कुणी खेळले नसतील असं मला वाटत नाही.

त्या मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडली तेव्हा कान्हेरे तुमच्याच वयाचे होते. जानेवारी २०२५ मध्ये तिथे महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, ऋतुराज गायकवाडच्या संघाने ४३९ धावांनी जिंकला. तुमच्यापैकी किती जण गेले होते? हात वर करा. एवढेच? बाकीचे क्लासला होते, माहीत आहे मला.

हेच बोलायला मी आज आलो आहे. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज ही शिडीची एक पायरी आहे. आपल्याकडे शिडी नेमकी तिथेच मोडते. दहावीपर्यंत पालक स्कूटरवर किट बांधून पहाटे नेटला आणतात. अकरावी लागली की किट माळ्यावर. कूचबिहारचे सामने हिवाळ्यात आणि बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. त्यात जेईई, नीट, सीईटी. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार आलाय, ज्यात प्रवेश कॉलेजात आणि मुलगा क्लासच्या खोलीत. त्या कॉलेजला मैदान आहे की नाही हे त्याला दोन वर्षांत कळतही नाही. शहर सोडा, मी जिल्ह्याच्या निवड चाचण्यांना बसतो तेव्हा सोळाखालील गटात झुंबड असते आणि एकोणीसखालील गटात निम्मी तोंडं गायब.

पूर्वी असं नव्हतं. रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून विद्यापीठांसाठी आहे आणि एके काळी निवड समित्या त्या सामन्यांना आवर्जून जायच्या. सुनील गावस्कर सेंट झेवियर्सचा विद्यार्थी, विद्यापीठ क्रिकेटमध्ये धावांचे डोंगर रचून पुढे आला आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा करून परतला. कॉलेज तेव्हा पायरी होतं. वयोगटांच्या स्पर्धा आल्या, चांगल्याच आल्या, पण कॉलेजांनी अंग काढून घेतलं.

ही पायरी बांधता येते, हे याच शहराने दुसऱ्या खेळात दाखवून दिलंय. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर धावण्याचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांतल्या मुली नेमक्या याच वयात हाताशी धरल्या. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आली. संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं ब्राँझ मिळवलं. त्या मुलींना कॉलेज सोडावं लागलं नाही आणि धावणंही.

पालकांना पैशांची काळजी असते, ती रास्त आहे. तर ऐका. क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये मानधन वाढवलं तेव्हा एकोणीसखालील खेळाडूला सामन्याच्या एका दिवसाचे २० हजार, तेवीसखालीलला २५ हजार, आणि रणजीतल्या नव्या खेळाडूला ४० हजार ठरले. चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार. पण हे पूर्ण मानधन अकराच जणांना मिळतं, राखीव खेळाडूला त्याच्या निम्मं, हेही सांगतो. म्हणून शिक्षण सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. उलट कॉलेजात राहा, पण कॉलेजने तुम्हाला खेळू द्यावं.

मॅडम, म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या करतो, सगळ्यांसमोर करतो म्हणजे नाही म्हणता येणार नाही. सामन्याचे दिवस हजेरीत धरा. चाचणी परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आला तर पेपर नंतर घ्या. आणि दिवाळीआधी शहरातल्या कॉलेजांचे लेदर चेंडूवरचे सामने भरवा, मुलांचे आणि मुलींचेही. बाकी कॉलेजांच्या प्राचार्यांशी बोलायला मी तुमच्याबरोबर येतो, चहा त्यांचा.

आणखी एक. बक्षिसांची यादी माझ्या हातात आहे, त्यात क्रीडा विभाग सगळ्यात शेवटी आहे. तो कृपया आधी घ्या. क्रिकेट संघाच्या कर्णधाराने मघाशी हळूच येऊन सांगितलं, सर, सात वाजता माझी फिजिक्सची बॅच आहे.