‘मी जागी होते’ असं ती सांगते तेव्हा
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



आमच्या सल्ला केंद्रात एक ताई आल्या. तक्रार झोप न लागण्याची. तिसऱ्या भेटीत हळूच म्हणाल्या, “सिझरच्या वेळी मी जागी होते. डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं, पोटात ओढल्यासारखं कळत होतं. ओरडावंसं वाटत होतं, पण बोटही हलेना.” सासूबाई म्हणाल्या, भास झाला असेल. नवरा म्हणाला, बाळ सुखरूप आहे ना? मग विसर आता.

असं खरंच घडू शकतं. पूर्ण भूल देताना शुद्ध घालवणं, वेदना थांबवणं आणि स्नायू ढिले करणं अशी तीन कामं असतात. शुद्ध घालवणारं औषध कमी पडलं आणि स्नायूंचं औषध चालू राहिलं, तर बाई जागी असते, पण तिला सांगता येत नाही. पाहणाऱ्याला ती झोपलेलीच दिसते.

हे क्वचित घडतं. ब्रिटन-आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१४ च्या अहवालात सुमारे १९,००० भुलींमागे अशी एक तक्रार आढळली. पूर्ण भुलीखालच्या सिझरमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक! तिथे घाई असते, आणि भूल दिल्यावर लगेच छेद घ्यावा लागतो. (पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरमध्ये जागं असणं अपेक्षितच असतं, ती गोष्ट वेगळी.)

त्याच अहवालात म्हटलं आहे की, लवकर ऐकून घेतलं आणि आधार दिला, तर पुढचा त्रास कमी होण्याची शक्यता असते. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. बाईचं दुखणं म्हणजे मनाचे खेळ, ही सवय जुनीच आहे.

म्हणून असं काही आठवलं तर लगेच सांगा, केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. भूलतज्ज्ञांची भेट मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. पुढच्या ऑपरेशनच्या आधी हा अनुभव भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

त्या ताईंबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो. भूलतज्ज्ञांनी कागद पाहिले आणि म्हणाले, “बाळाचे ठोके मंदावले होते, थांबायला वेळ नव्हता. तुम्ही सांगता ते खरं असणार.” ताई तिथेच रडल्या. झोप काही त्या रात्रीपासून लागली नाही. पण परतताना रिक्षात म्हणाल्या, “म्हणजे मला वेड लागलेलं नाही.”

एवढं ऐकायला त्यांना दीड वर्ष लागलं. आपल्यापैकी कुणी आधी विचारलं असतं तर?