पैसे गेले, तर भरायचे कुणी?

जाहीर झालेला विषय होता ‘कार्डाविना एटीएम आणि मोबाइलची सुरक्षा’. जर्मनीतल्या एका मराठी मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेचं ते शेवटचं पुष्प. वक्त्यांची उभी हयात बँकांच्या संगणकप्रणालींत गेलेली. एनएफसी, टोकन, ओटीपी हे सगळं त्यांनी “तुम्ही अर्धेअधिक आयटीतलेच” म्हणत दोन मिनिटांत उरकलं. एन26 या बर्लिनच्या बँकेचे ग्राहक 2015 पासून अ‍ॅपमधला बारकोड दाखवून सुपरमार्केटच्या गल्ल्यावरून नोटा घेतात, हेही जाता जाताच.

त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. कुलूप किती भक्कम, यापेक्षा चोरी झाल्यावर भुर्दंड कुणाला, यावर सुरक्षा ठरते!

पुरावा होता संगणक-सुरक्षेचे अभ्यासक रॉस अँडरसन यांचा 1993 सालचा एटीएमवरचा निबंध. अमेरिकेत वादातली रक्कम ग्राहकानेच काढली, हे बँकेने सिद्ध करायचं; ब्रिटिश बँका मात्र ‘आमची यंत्रणा चुकत नाही’ म्हणत ग्राहकालाच खोटं पाडायच्या. त्यामुळेच त्या बेफिकीर झाल्या, हे अँडरसन यांचं निदान.

मग हॅम्बुर्गची गोष्ट निघाली आणि व्याख्यानाचा ताबाच घेऊन बसली. 1984. जर्मन टपाल खात्याची बीटीएक्स सेवा नवी होती. टीव्हीच्या पडद्यावर पानं उघडायची, काही पानांना पैसे पडायचे. केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या वाऊ होलांट आणि श्टेफेन वेर्नेरी यांच्या हाती हॅम्बुर्गर श्पारकासे या बँकेचा पासवर्ड लागला. नोव्हेंबरातल्या एका रात्री त्यांनी बँकेच्या नावाने आपल्याच क्लबचं पान पुन्हापुन्हा उघडलं. एका वेळचे 9.97 मार्क. सकाळपर्यंत बँकेच्या नावावर सुमारे 1 लाख 35 हजार मार्कांचं देणं! “यंत्र रात्रभर राबलं, हे दोघं मात्र झोपले असतील,” वक्ते म्हणाले आणि सभागृह हसलं. पत्रकारांसमोर सगळं उघड करून क्लबने पैसे सोडून दिले. पासवर्ड फुटला कसा, यावर टपाल खातं आणि क्लब यांच्यात जुंपली, तीही वक्त्यांनी साग्रसंगीत ऐकवली. कार्यवाहांनी पहिली चिठ्ठी तेव्हाच सरकवली.

2014 चा डिसेंबर, पुन्हा हॅम्बुर्ग. याच क्लबच्या अधिवेशनात टोबियास एंगेल आणि कार्स्टेन नोल यांनी मोबाइल कंपन्यांमधल्या एसएस7 यंत्रणेतली भोकं दाखवली. 2017 मध्ये त्याच वाटेने ओ2 या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे बँकेचे एसएमएस चोरांनी आपल्याकडे वळवले आणि खाती साफ केली. मधली दोन वर्षं मोबाइल कंपन्यांनी काय केलं? “वाट पाहिली,” वक्त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. “नुकसान आपलं नव्हतं ना!”

इथे तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. बँकेतलेच. “लोक फोनवर टॅन, म्हणजे व्यवहार मंजूर करायचा आकडा, सांगून मोकळे होतात. बँकेने त्यांचे हात धरायचे का?”

वक्ते जरा चिडले. “माझंही घर बँकांवरच चाललं,” असं म्हणून त्यांनी कोलोनच्या लांडगेरिख्टचा, म्हणजे प्रांतिक न्यायालयाचा, 2023 चा निकाल सांगितला. फोनवर दिसणारा नंबर बँकेचाच होता, पलीकडे ठग. ग्राहकाने अ‍ॅपमध्ये मंजुरी दिली, आणि ठगाच्या फोनवर त्याचं कार्ड अ‍ॅपल पेमध्ये तयार! मंजुरीच्या मजकुरात होतं फक्त ‘कार्ड नोंदणी’. फोनवर कार्ड उमटवायचं आहे, हे त्यावरून कळत नाही, म्हणून ग्राहकाचा निष्काळजीपणा घोर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बँकेला पैसे परत करावे लागले. जर्मन नागरी संहितेचं कलम 675यू हेच सांगतं: ग्राहकाची संमती नसेल, तर रक्कम बँकेने भरायची. पळवाट घोर निष्काळजीपणाचीच. “आता सांगा, तो मजकूर पहिल्याच दिवशी नीट लिहायला काय खर्च आला असता?” गृहस्थ बसले, पटलं नसावं.

दुसरी चिठ्ठी आली. नऊला हॉल रिकामा करायचा होता, आणि जर्मनीत नऊ म्हणजे नऊ. भारतात सप्टेंबर 2023 पासून आलेलं यूपीआय एटीएम त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मशीनवरचा क्यूआर स्कॅन करायचा, पिन फोनवर टाकायचा. कार्ड नाही, म्हणजे स्किमिंगही, कार्डाची चोरून नक्कलही, नाही. पण स्कॅन करणारा मशीनसमोरच उभा आहे, हे पिनला थोडंच कळतं? चित्र पाठवून क्यूआर स्कॅन करायला सांगणारा कुणीही असो, फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा बँकेचा. पिन स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा आपला.

प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. दिवे मालवता मालवता वक्त्यांनी दोन नंबर लिहून घ्यायला लावले: खातं-कार्ड गोठवायला जर्मनीत 116 116, भारतात सायबर फसवणुकीच्या तक्रारीला 1930.