तारण कोणाचे? मराठी ख्रिस्ती भजनांतील एक प्रश्न

श्रोतेहो, ‘तारण’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचा आहे. कर्जासाठी शेत तारण ठेवतात, दागिना तारण ठेवतात. पण बुलढाण्यातल्या किंवा खामगावातल्या प्रार्थनामंदिरात भजन चालले असता हाच शब्द कानी पडला, तर त्याचा अर्थ निराळा. तिथे तारण म्हणजे तरून जाणे, पापातून आणि मरणातून सुटका होणे. नावाड्याने पुरातून पैलतीरी न्यावे, तसे. आता प्रश्न असा, की या नावेत जागा कोणाकोणाला?

हा वाद फार जुना आहे, बरं का. तिसऱ्या शतकात ऑरिजेन नावाच्या धर्मपंडिताने अशी आशा मांडली, की अखेरीस सारेच जीव देवाकडे परततील. चर्चने ते मत मान्य केले नाही. पुढे इंग्लंडात काही लोक म्हणू लागले, की देवाने तारणासाठी मोजकी माणसे आधीच निवडून ठेवली आहेत. त्यांना चार्ल्स वेस्ली याने १७४१ साली उत्तर दिले, ते गीतांतून! कृपा सर्वांसाठी आहे, हेच त्या गीतांचे पालुपद. पण इथे एक भेद ध्यानात घ्या. गावची विहीर सर्वांना खुली झाली, म्हणजे सर्वांनी पाणी भरलेच असे होत नाही. वेस्लीने विहीर खुली म्हटली. सगळे पाणी भरतीलच, असे काही तो म्हणाला नाही.

आपल्या मराठीत हा प्रश्न घराघरांत शिरला. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्यामुळे ख्रिस्तकथेला आपल्या पुराणाची चाल मिळाली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने रचून ती परंपरा टाळ-मृदंगापर्यंत आणली. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली वर्षे एकाच संसारात दोन धर्म. अशा माणसाला ‘कोण तरेल, कोण बुडेल’ हा नुसता पंडिती वाद कसा वाटेल? ज्यांच्या हातचे जेवलो, ज्यांच्या मांडीवर वाढलो, त्यांच्याविषयीचाच तो प्रश्न.

टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही बसायला जागा होती. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या मनाला दार अर्धवट लावणे जमले नाही, असे मला वाटते.

भजनाची रीतही त्याला साथ देते. एक जण चरण म्हणतो, ध्रुपद मात्र सगळे मिळून उचलतात. शेगावची पालखी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. दारात उभा असलेला परका माणूसही त्या ध्रुपदात सूर मिसळतो, आणि त्याला कोणी ‘तू कोण?’ असे विचारीत नाही.

सगळेच तरतील की नाही, याचा निवाडा धर्मपंडितांवर सोडू. पण सर्वांनी तरावे, अशी इच्छा करायला तर कोणाची हरकत नाही! ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांसाठीही मागणे मागितले. शिक्षकबंधूंनो, शाळेत पसायदान झाले, की मुलांना एवढेच विचारा : या ‘सर्वां’तून आपण कोणाला मनातल्या मनात वगळतो? उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. मुले घरी जाताना त्याचा विचार करतील.